टेबलावरचे दोन लॅपटॉप

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी तब्येत, वहिनीचे गुडघे, माझी खुशाली हे सगळं विचारून-सांगून झालं असं समज. आज माझ्या डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नाही.

लॅपटॉपचं वहिनीला फोनवर सांगितलं होतं, पण तिने तुला ते ‘बिघडला’ या एका शब्दात सांगितलेलं दिसतं. बिघडला नाही रे, गेला. सकाळी बटण दाबलं तर आतल्या पंख्याने एक सुस्कारा टाकला आणि स्क्रीन काळी ती काळीच. बँकेमागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो पालथा करून उघडला, आत फुंकर मारली आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात म्हणाला की आता यात काही राहिलं नाही. मला चक्क रडू आलं. त्याने खुर्ची पुढे केली.

तुला वाटेल, एका डब्यासाठी एवढं काय. पण तुला माझं काम कधी नीट कळलंच नाही. ‘ते टकटक चालू आहे का अजून’ एवढंच तू विचारतोस. तर ऐक. अपघात-भरपाईच्या कार्यालयातून सुनावण्यांची रेकॉर्डिंग येतात. माझ्या कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. पाय दाबला की माणूस बोलतो, उचलला की गप्प बसतो, आणि तो जे बोलला ते मी टाइप करायचं. माणसांना पायाने गप्प करायची सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. या कामावर माझं घर चालतं, आणि खरं सांगायचं तर मीही चालते. आता कार्यालयातल्या मुख्य बाई म्हणतात, लवकर काहीतरी करा, नाहीतर मला ही कामं दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. बाई तशा वाईट नाहीत, पण त्यांच्याही डोक्यावर साहेब आहेत.

तुझं पत्र पोचलं. तू लिहितोस, नवाच घे, चांगला घे, मागेपुढे पाहू नकोस. आणि त्याच कागदाच्या कडेला वहिनीने बारीक अक्षरात लिहिलंय की जुना काय वाईट आहे, उगीच उधळपट्टी नको. एकाच पाकिटातून दोन वकील पाठवलेत, तेही एकमेकांविरुद्ध. वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई तेव्हा माझ्याकडेच होत्या, त्या हसून हसून बेजार झाल्या.

आता दोन्ही स्थळांची माहिती देते. दुरुस्तीवाल्याकडे माझ्याच लॅपटॉपचा जुळा भाऊ आहे. तेच मॉडेल, तोच काळा रंग, तसाच विटेसारखा जड. कुठल्याशा कंपनीने वापरून काढून टाकलेला. बटणं खोल आहेत, दाबली की दाबल्यासारखी वाटतात. माझं पेडल त्याला सरळ लागतं. बॅटरी मात्र नावालाच, वायर काढली की मान टाकतो. दुसरा मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये. अगदी नवं मॉडेल, वहीसारखा बारीक. बटणं इतकी सपाट की ताटलीवर बोटं वाजवल्यासारखं वाटतं. पेडल लावायला भोकच नाही. विकणारी मुलगी गोड बोलत होती, पण ती जे बोलली त्यातलं मला ‘बसा’ आणि ‘परत या’ एवढंच कळलं.

सकाळी दात घासताना जुना घ्यायचं ठरतं. चहा होईपर्यंत नवा. कप विसळताना पुन्हा जुना. दुरुस्तीवाल्याने मला साधा प्रश्न विचारला, ‘किती वर्षं काम करायचंय अजून, त्यावर ठरवा.’ मी म्हटलं, बघू. हे काय उत्तर झालं? 

तू हिशेबी माणूस आहेस. दोन्हींचे गुण-दोष समोर ठेवून मला एक काय ते सांग. आणि वहिनीला कडेला लिहू देऊ नकोस.

अक्षर एवढं मोठं का, असं ती विचारीलच. घरात जाड पेनच सापडलं. मोबाइलवर लिहायचा मला कंटाळा येतो. आणि तुला फोनवर ऐकू येत नाही, येत नाही हे तू कबूल करत नाहीस, आणि कानाचं यंत्र चष्म्याच्या डबीत झोपलेलं असतं. तेव्हा पत्रच बरं.

तुझी
तळ्यात-मळ्यात
ठकी


१३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. या वेळी तुमची खुशाली खरोखरच विचारते, सविस्तर कळव. माझ्याबद्दल लिहायला आज हात जरा मागे येतोय.

तू जुन्या-नव्याचा तक्ता करून पाठवलास, तो छान आहे. तक्त्यात नवा जिंकतो. पण तुझा तक्ता पोचायच्या आधीच मी जुना घरी आणला होता. विकत नाही, वापरून बघायला. दुरुस्तीवाला म्हणाला, चार दिवस ठेवा ताई, पटला तर पुढचं बोलू. असा माणूस आजकाल मिळत नाही असं तेव्हा वाटलं.

लॅपटॉप टेबलावर ठेवला, पेडल लावलं, आणि काय सांगू, माहेरी आल्यासारखं वाटलं. एका क्रेनवाल्याचा जबाब आला होता. साखळी सुटून त्याचा हात मालाखाली सापडला, त्याची सुनावणी. तो थांबत थांबत बोलत होता. मध्येच पाणी मागत होता. मी पाय दाबत, उचलत त्याच्या मागोमाग जात होते. दिवसभर बसले, जेवायलासुद्धा उशिरा उठले. बोटं कशी पळत होती. संध्याकाळी मजकूर कार्यालयाला पाठवला आणि ठरवून टाकलं की जुनाच. तुझ्या तक्त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या बाईंचा फोन आला.  त्यांनी विचारलं की मी हे काय पाठवलंय. दादा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा घोटाळा. काने-मात्रे, वेलांट्या जागच्या जागी, आणि उजव्या हाताखालची अक्षरं एकेक घर सरकून शेजारी गेलेली. ‘तारीख’ लिहायचं तिथे ‘चाकीथ’, ‘कागद’ लिहायचं तिथे ‘तादज’. बाईंनी दोन-चार ओळी फोनवर वाचून दाखवल्या. भुताखेतांची भाषा असावी तसं वाटत होतं. एरवी मी पोट धरून हसले असते.

बाई स्वतःच म्हणाल्या की तुमचं यंत्र बिघडलेलं दिसतंय. मी म्हटलं, हो ना, जुनं घेतलंय, तेच नडलं.

तशीच उठून दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि चांगलं फैलावर घेतलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत. त्याने निमूटपणे लॅपटॉप उघडला, चार ओळी टाइप केल्या. बरोबर उमटल्या. पुन्हा केल्या. पुन्हा बरोबर. मी म्हटलं, तुमच्यासमोर शहाण्यासारखा वागतो, माझ्याकडे बिघडतो. त्यावर त्याने एक भलताच प्रश्न विचारला.

‘पण ताई, टाइप करताना स्क्रीनवर दिसलं नाही का?’

मी म्हटलं, घाईत होते. आणि लॅपटॉप त्याच्याच टेबलावर ठेवून निघून आले. दादा, आता तूच सांग, असल्या यंत्राचं काय करायचं?

तिथून सरळ शोरूममध्ये गेले. विकणाऱ्या मुलीने मला ओळखलं. तिने पुन्हा सगळं दाखवलं. या खेपेला थोडं जास्त कळलं. त्यात एक सोय आहे, जे लिहिलंय ते लॅपटॉप मोठ्याने वाचून दाखवतो. बाईचा आवाज आहे, बातम्या सांगतात तसा, राग नाही लोभ नाही. मी आपली गंमत म्हणून ते वाचून दाखवायला सांगितलं. मग आणखी एकदा सांगितलं. ती मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्हाला हे आवडलेलं दिसतंय. मी म्हटलं, छे, माझ्या ओळखीतल्या एका बाईंना लागेल, त्यांच्यासाठी विचारतेय.

नवा घेऊन आले. पसंत नसेल तर परत करता येतो म्हणे. पण पेडल लागत नाही ते नाहीच. बोटं सारखी घसरतात. उघडला की तो काहीबाही विचारतो, हे करू का, ते करू का. मी पुन्हा बंद करते. क्रेनवाल्याचा जबाब परत टाइप करून द्यायचाय, आणि माझ्या त्या तादज-चाकीथपायी त्याची सुनावणी पुढे गेली. बाईंनी ते सहज सांगितलं, पण मला फार लागलं. त्याचा आवाज कानातून जात नाही.

डोकं चालेनासं झालंय. काय करू, लिही.

तुझी
ठकी


२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. बिघडलेला माल गळ्यात मारणाऱ्या त्या दुरुस्तीवाल्याला तू कडक शब्दांत लिहिणार आहेस, त्याचा पत्ता कळव म्हणतोस. पत्ता देणार नाही. त्याचा दोष नाही. त्या लॅपटॉपचाही नाही.

मला दिसत नाही, दादा.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. नजरेच्या मधोमध डाग पडलाय आणि तो पसरतोय. कडेकडेचं दिसतं. दारात कुणी उभं राहिलं तर मला चौकट दिसते, खांदे दिसतात, पायातल्या चपला दिसतात, चेहरा दिसत नाही. माणसं मी चालण्यावरून ओळखते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडा राहतील, मधलं जाईल. घरात वावराल, रस्ता ओलांडाल, पण वाचन सोडावं लागेल. हे त्यांनी सांगितलं त्याला वर्ष होत आलं. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तुझी पत्रं मी वाचत नाही, वरच्या व्हायोलिनवाल्या बाई वाचून दाखवतात. वहिनीच्या कडेच्या ओळी त्या वेगळा आवाज काढून वाचतात. तुझ्या कानाच्या यंत्राची मी इतकी थट्टा करत आले, याचं आता मलाच हसू येतं, आणि हसू आलं की पुढे रडूही येतं.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर अक्षरं मोठी करून, मान वाकडी करून, कडेने बघून मी निभावत होते. पुढे तेही जमेना. मग लिहिलेलं परत वाचायचंच सोडून दिलं. माझी बोटं चुकत नाहीत, असा मला मोठा गर्व होता.

काय झालं ते तुला नीट सांगते. कीबोर्डवर दोन बटणांना बारीकसा उंचवटा असतो. तुमच्यासारख्यांच्या तो लक्षातही येत नाही. दोन्ही हातांची पहिली बोटं त्यावर टेकली की बाकीची आपापल्या घरी जाऊन बसतात, मग खाली बघावं लागत नाही. त्या जुन्या लॅपटॉपच्या उजवीकडच्या बटणावरचा उंचवटा आधीच्या मालकाने वापरून वापरून सपाट केला होता. माझा हात एक घर पलीकडे जाऊन बसला आणि दिवसभर तिथेच सुखाने नांदला. डोळे असलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत कळलं असतं.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला स्वतः तो जुना लॅपटॉप घेऊन दारात आला. ज्याला मी चारचौघांत बोलले तो. त्याने माझं बोट धरून त्या बटणावर ठेवलं. तिथे त्याने गोंदाचा एक थेंब टाकून वाळवला होता. ‘आता हात चुकणार नाही,’ म्हणाला.  त्याला सगळं कळलं होतं, आणि मला ते कळलं हेही त्याला कळलं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, चालायचंच ताई. नव्या लॅपटॉपला पेडल लावायला मधला एक जोड मिळतो, तो त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि गेला.

तेव्हापासून दोन्ही लॅपटॉप माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आहेत, आणि खरा घोळ तिथेच सुरू झाला. गोंद लावलेल्या जुन्यावर मी क्रेनवाल्याचा जबाब पुन्हा टाइप केला. वरच्या बाईंनी तो वाचला. एकही चूक नाही. म्हणजे कुणालाही काही सांगायची गरज नव्हती. कार्यालयाला नाही, तुला नाही. एका थेंबात सगळं मिटत होतं. तो मोह केवढा होता, काय सांगू. आठवडाभर मी रोज जुन्यासमोर बसायचे आणि नव्याकडे पाठ करायचे.

पण गोंद निघाला तर? हात पुन्हा सरकला तर? मला ते कधीच कळणार नाही. जुन्यावर मला लिहिता येतं, पण मी काय लिहिलं हे तो मला सांगत नाही. एका माणसाचा हात गेला, तो कसा गेला हे त्याने काळजावर दगड ठेवून सांगितलं, आणि मी त्याच्या नावावर कचरा पाठवून निवांत झोपले. याची मला लाज वाटते. मी स्वतःला कितीही समजावलं तरी ती जात नाही.

म्हणून परवा कार्यालयात गेले. बाईंसमोर बसले आणि सांगितलं. यंत्र बिघडलं नव्हतं हेही सांगितलं, आणि नवा लॅपटॉप लिहिलेलं वाचून दाखवतो हेही. त्या बराच वेळ गप्प होत्या. चेहरा दिसत नसला की समोरच्याचं गप्प बसणं फार लांबतं.

‘मग इतके महिने तुम्ही काही तपासतच नव्हता?’

‘नाही.’

त्यांनी माझे जुने मजकूर काढून बघायला सांगितले. चुका फार निघाल्या नाहीत, पण निघाल्या. बाई रागावल्या, आणि त्यांनी रागवायलाच हवं होतं. शेवटी म्हणाल्या, ‘महिनाभर बघू. ते वाचून दाखवणारंच वापरा. ऐकल्याशिवाय एक ओळही पाठवायची नाही.’ महिन्यानंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हा नवा ठेवलाय. अजून जमत नाही. शिकाऊ मुलीसारखी एक-एक बटण चाचपत बसते, संध्याकाळी मान धरते, आणि केलेलं काम बघितलं तर अर्धं. जुना परत द्यायचा म्हणून पिशवीत भरला आणि पुन्हा बाहेर काढला. बरोबर केलं की घोडचूक केली, मला सांगता येत नाही. हे पत्र मी नव्यावरच लिहिलंय, आणि ती बातम्यांवाली बाई मला ते वाचून दाखवतेय. ‘मला दिसत नाही, दादा’ हे तिने पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. मी तिला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा ऐकल्यावर ते खरं वाटलं. वर्षभर वाटलं नव्हतं.

तुला का सांगितलं नाही, तेही लिहून टाकते. माझी आत्यासारखी गत होईल अशी भीती वाटत होती. थकल्यावर आत्याला तू घरी आणलंस, मागची खोली दिलीस, गादी दिलीस, औषधं वेळेवर दिलीस. तुम्ही दोघांनी तिला काही कमी केलं नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. पण आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, तिच्या हातून तुम्ही सुई काढून घेतलीत. टोचेल म्हणून. मग भाजी निवडणंही काढून घेतलंत, कापेल म्हणून. मी भेटायला यायचे तेव्हा ती पदराचं टोक दोन बोटांत धरून सारखी दुमडत असायची. शिवण घातल्यासारखी. तुम्ही मायेनेच केलंत. तुझ्या त्या मायेलाच मी घाबरते, दादा. तू मला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवशील आणि मी तुझ्यावर रागावूसुद्धा शकणार नाही.

कदाचित महिन्याने बाई नाही म्हणतील. कदाचित माझी बोटं या सपाट बटणांना सरावणारच नाहीत. तेव्हा काय करायचं, मला माहीत नाही. पण तोवर मला माझ्या टेबलाशी बसू दे.

हे वाचून तू पिशवी भरायला घेशील, मला ठाऊक आहे. अडवत नाही. ये. मला तुझी फार आठवण येते, आणि तुझा चेहरा मला आता मान वाकडी करून अर्धामुर्धाच दिसेल, तोही लवकर आलास तर. चार दिवस राहा. तो लॅपटॉप काय काय विचारतो ते एकदा शांतपणे बघून दे. मी काम करताना शेजारी बस, मध्ये बोलू नकोस.

फक्त परतीचं तिकीट आधीच काढून ये. एकाचंच काढ.

तुझी
इथेच राहणारी
ठकी